लग्न छोटं ठेवण्याची कमिटी

३ जून
रजिस्ट्रारच्या कचेरीत नोटीस लावून आलो. एकवीस दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की लग्न. हरकत कोण घेणार? अख्ख्या किसुमू शहरात माझ्याइतका निरुपद्रवी माणूस सापडायचा नाही.

प्लॅन असा: कचेरीत सह्या, मग तळ्याकाठी अकेयोबाईंच्या हॉटेलात जेवण. एकच लांब टेबल, पांढरं कापड, तळलेला टिलापिया मासा, मक्याच्या पिठाची उगाली. माझा क्रीम रंगाचा सूट. माणसं बारा. बजेट कमी, पण स्टाइल अशी की लोकांनी नाव काढावं. सोफ्यांच्या दुकानात उगाच नाही वर्षं घालवली.

माझ्या होणाऱ्या बायकोची, अवुओरची, अट एकच. तिच्या बहिणीच्या लग्नाला एवढी माणसं लोटली की नवरी दिवसभर उपाशी राहिली आणि कुणी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही. "बारा म्हणजे बारा, ओचोला. तेरावा दिसला तर मी मागे फिरेन." ती हसत नव्हती. मी हसलो.

५ जून
ओंदिती काका आले. निवृत्त हेडमास्तर, बाबांच्या मागे घरात मोठे तेच. लग्नाच्या कमिटीचा अध्यक्ष कोण, म्हणाले. कमिटीच नाही म्हटल्यावर चहा तसाच खाली ठेवला. "कमिटीशिवाय लग्न? पोरगी पळवून आणतोयस का?"

तोडगा मलाच सुचला. कमिटी करायची, पण लग्न छोटं ठेवण्यासाठी! एक बैठक, एक ठराव, काम खलास. अध्यक्ष अर्थात काका. अवुओरला एवढ्यात सांगत नाही. तिला त्या शब्दाचीच ॲलर्जी आहे.

९ जून
पहिली बैठक. प्रार्थना, चहा, तळलेल्या गोड मांदाझी. लग्न छोटं ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर. अंमलबजावणीसाठी तीन उपसमित्या: जेवण, कपडे, वाहतूक. छोट्या कामालाच जास्त माणसं लागतात, असं काकांचं म्हणणं. पटलं.

१३ जून
कमिटीत नाहीत ते सगळे रुसले आहेत. चर्चमधली गाणारी मंडळी तर रस्ता ओलांडून पलीकडून जातात. काका म्हणाले, घेऊन टाक आत, कमिटीत आहेत म्हणजे पाहुणे थोडेच आहेत? मुद्दा बिनतोड. पाहुणे अजून बाराच.

१६ जून, दुपारी
अवुओर दुकानात आली. बाजारात कुणीतरी तिला म्हणालं, तुमच्या कमिटीचं जांभळं कापड छान आहे हं. गिऱ्हाईक बघत होतं त्याच तीन सीटच्या सोफ्यावर ती बसली. गिऱ्हाईक निघून गेलं.

काकांना नाही म्हणालास का, असं तिने विचारलं. म्हणालो की, असं मी सांगितलं.

"नाही म्हणालास, की बघू म्हणालास?"

आमच्या घरात बघूचा अर्थ सगळ्यांना कळतो, असं मी समजावलं. ती उठली. "मला काकांची भीती नाही वाटत. तुझ्या बघूची वाटते."

ती गेल्यावर मी सोफ्याच्या उशा नीट लावल्या.

१९ जून
आज काकांना स्पष्ट सांगायचं. कमिटी बरखास्त. आरशासमोर तालीम केली, आवाज चांगला लागला.

संध्याकाळी: गेलो. काका नवा जांभळा कोट घालून उभे होते. म्हणाले, "तुझा बाबा असायला हवा होता रे." डोळ्यांत पाणी. अशा वेळी कोण बोलणार? उद्या.

२० जून
काका गावाला गेलेत.

२२ जून
काका आले. दमले होते.

२३ जून
अकेयोबाईंचा फोन. मंडप हॉटेलच्या मागे घालू की पुढे? कसला मंडप, मी विचारलं. कमिटीने सांगितला तो, म्हणाल्या. बघू म्हणालो.

अवुओर फोन उचलत नाही. नवरीला या दिवसांत कामं असतात.

२५ जून, सकाळी
लग्न आज! सूट झकास. काकांना कचेरीच्या दारातच सांगतो. दारात सांगितलेलं लोक ऐकतात.

२५ जून, संध्याकाळी
कमिटी बस करून आली. जांभळ्या रंगात, गाणी म्हणत. कचेरीचं फाटक दिसेना.

अवुओर आईबरोबर टुकटुक रिक्षातून उतरली. साधा पांढरा ड्रेस. इतकी सुंदर दिसत होती की मला रडू येईल असं वाटलं. सरळ माझ्यापाशी आली आणि यातले पाहुणे कुठले, असं हळूच विचारलं. एकही नाही, ही सगळी कमिटी, मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

"एकदाच नाही म्हण," ती म्हणाली. "आत्ता, सगळ्यांसमोर. मी आत येते."

गाणी थांबली. काका माझ्याकडे बघत होते. बाबा बघायचे तसेच. मी तोंड उघडलं. 'नाही' अगदी ओठांवर होतं, शपथ. बाहेर आलं "बघू."

टुकटुक अजून उभी होती. ती जाऊन बसली. तिची आई माझ्याकडे न बघताच मागोमाग गेली.

अन्न वाया घालवणं बरं नव्हे, म्हणून कमिटी अकेयोबाईंकडे मंडपात जेवायला गेली. मासा सर्वांना आवडला. कार्यक्रम शिस्तीत पार पडल्याबद्दल काकांनी आभार मानले. तसं सगळं झालंच. लग्न तेवढं राहिलं.

हॉटेलात आतलं लांब टेबल तसंच मांडलेलं होतं, पांढऱ्या कापडासकट. तिथे मी एकटाच बसलो होतो. जेवलास का, असं कुणी विचारलं नाही.

२७ जून
अवुओरच्या आईचा फोन! शुक्रवारी सकाळी अवुओर कचेरीत येणार आहे. साक्षीदार तीच आणेल. मी एकट्याने यायचं, कुणाला न सांगता. नाहीतर पुन्हा कधीच यायचं नाही.

जाणार. एकटा. सूटला इस्त्री झाली. या वेळी कुणाला एक शब्द सांगणार नाही.

फक्त काकांच्या कानावर घालून ठेवतो. त्यांना नंतर कळलं तर वाईट वाटेल. काय म्हणतात ते बघू.