भाऊबीजेला सायकलवरून

रायपूर, २८ सप्टेंबर २०२५

ती. अच्युतदादास,
इंदूचा सा. न. वि. वि.

बातमी ओरडून सांगण्यासारखी आहे, पण फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. दादा, मी सायकल घेतली! साधी नव्हे, रोड बाइक. आकाशी रंगाची, बारीक टायरची, आणि इतकी हलकी की एका हाताने उचलून जिना चढते. छप्पन्नाव्या वर्षी मला वेड लागलंय असं आमच्या यांचं मत, पण चाकात हवा रोज तेच भरतात. श्रावणी मैत्रिणींना सांगते, मम्मी अब हाथ से गई. शेजारच्या कलावतीबाईंनी विचारलं, हिले स्टँड नाही, कॅरिअर नाही, अर्धीच काहून देल्ली दुकानदारानं?

काल पहाटे नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर झाले. उतारावर एकटीच मोठ्याने हसत होते.

आता मुख्य. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा भाऊबीजेला तुला येता येणार नाही. मग मीच येते राजनांदगावला, सायकलवर. सत्तर किलोमीटर तर आहे! लोभ असू दे, धाक जरा कमी कर.

तुझी इंदू

राजनांदगाव, ४ ऑक्टोबर

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, तुझ्या पत्राने डोकं दुखायला लागलं. त्या रस्त्यावरचे ट्रक पाहिलेस का? तुझी विनोदिनीवहिनी आनंदाने नाचते आहे, तिचं ऐकू नकोस. रेल्वेने ये. सायकलवर आलीस तर मी ओवाळून घेणार नाही, हे पक्कं समज. रागावलो आहे, तरी जपून राहा.

अच्युतदादा

रायपूर, ११ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

आज दुर्गला जाऊन आले, हे स्कूटरवर मागे होते. जाऊन-येऊन ऐंशी! एका ट्रकवाल्याने तर ढाब्यावर चहा पाजला. भाऊबीजेला उरला औद्योगिक वसाहतीतले कारखाने बंद असतील, ट्रकही कमी.

दहावीनंतर बाबांनी माझी सायकल विकली, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. बाबा गेले, पण तो राग पुरता गेला नाही. तुझ्यावर तसा राग मला धरायचा नाही. ओवाळून घेशील ना? तुझ्या होकाराची वाट पाहते.

इंदू

राजनांदगाव, १५ ऑक्टोबर

चि. इंदूस आशीर्वाद.

तुझी सायकल मी विकायला लावली. तुला सायकलवर पाहून माझे मित्र तुझ्याबद्दल काहीबाही बोलायचे. त्यांना गप्प करायची हिंमत नव्हती, म्हणून बाबांच्या मागे लागलो. ते दोनदा नको म्हणाले होते. चाळीस वर्षं तू त्यांच्यावर रागावलीस आणि मला ओवाळत राहिलीस. मी काही बोललो नाही. विनोदिनीला सांगितलं, तर म्हणाली, मले काहून सांगता, इंदूले लिहा.

ये, सायकलवरच ये. ओवाळायचं की नाही ते तू ठरव. लोभ असावा असं लिहायला या वेळी हात धजत नाही.

अच्युत

रायपूर, २३ ऑक्टोबर, पहाटे पाच

दादा,

हे पत्र टपालात टाकत नाही, जर्सीच्या खिशात घालून आणते आहे. तू वाचतो आहेस म्हणजे मी पोचले!

तुझं पत्र वाचून खूप रडले, आणि हो, तुझा राग आला. अजून आहे. यांना सगळं सांगितलं, तर सरळ चाकात हवा भरायला गेले. आता पाय नुसते शिवशिवताहेत.

वहिनीला दोन खुर्च्या मांडायला सांग. एकीवर बाबांचा फोटो ठेव. आधी त्यांना ओवाळीन, मग तुला.

तुझीच,
इंदू