मौनमंजिरीचा होकार

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

जिंकलो! पालघरजवळच्या माहीमच्या आमच्या नाट्यमंडळाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात, त्यानिमित्त ‘संगीत मौनमंजिरी’ पुन्हा करायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बोईसरहून खास सभेला गेलो, पाऊण तास बोललो. ‘अभिजात’ हा शब्द निदान दहा वेळा वापरला. तारीखही जाहीर करून टाकली — ३ जानेवारी, शनिवार, पौष पौर्णिमा. शाळेच्या मैदानावर उघडा रंगमंच आणि मागे खराखुरा चंद्र! शनिवार असल्याने बोईसर-पालघरचे रसिकही येतील.

सगळे गप्प होते. मी वहीत ‘एकमताने मंजूर’ असं लिहिलं. मंडळाचा अध्यक्ष एकनाथ तेवढा डोकं खाजवत होता. बोटीवरून आला होता, दमला असेल.

१० नोव्हेंबर

कथानक एकदा लिहून ठेवतो. नव्या पोरांना सांगताना मीच अडखळतो.

मंजिरीने वर्षभराचं मौनव्रत घेतलंय. राजपुत्र तिच्या मागे मागे फिरत अकरा पदं गातो. ती एकदाही तोंड उघडत नाही. शेवटी चांदण्यात त्याला उमगतं, की हे मौन म्हणजेच होकार. माळ. पडदा.

१९८५ साली राजपुत्र मी होतो. वजन बावन्न किलो, त्यात केसच चार किलोचे. तेव्हा आमच्याकडे बायकांची कामं पुरुषच करायचे, पण नायिकेला अक्षरही बोलायचं नाही म्हटल्यावर जमनाच्या वडिलांनी तिला परवानगी दिली. ‘पोरगी गप बसनार असल तर काय हरकत नाय.’ पुढच्याच महिन्यात माझे काका मागणी घालायला तिच्या घरी गेले. ती मान खाली घालून गप्प बसली. झालं लग्न!

आमचा प्रेमविवाह संगीत नाटकातून झाला — ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलोय. लोकांच्या साखरपुड्यात, कारखान्यातल्या माझ्या निरोपसमारंभात, एकदा तर दातांच्या डॉक्टरला, तोंडात कापूस असताना. खरं सांगायचं तर हल्ली ऐकणारे जांभया देतात. नाटक पुन्हा उभं राहिलं तर आमची गोष्टही पुन्हा ताजी होईल, असं मला वाटतं. हे फक्त या वहीला माहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिली तालीम. राजपुत्र कुंदन, माझा पुतण्या. एकनाथच्या बोटीवर जातो, आवाज खणखणीत. मंजिरी म्हणजे सलोनी. माहीमचीच पोर, तारापूरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे.

तिने संहिता उलटसुलट पाहिली. ‘काका, माजे डायलॉग कुठं हाईत?’

मी अभिमानाने म्हणालो, नाहीतच. सगळा अभिनय डोळ्यांनी.

‘म्हनजे तो अकरा गानी माज्या मागं फिरतो, मी एकदा पन हो बोलत नाय, तरी तो माळ घालतो?’

मी व्यंजना म्हणजे काय ते समजावलं.

‘आमच्या कंपनीत असं कोनी केलं तर कमिटीपुढं उभं करतात,’ ती म्हणाली. कुंदन पेटीआड तोंड लपवून हसत होता. मग जुन्या कलाकृतीकडे कसं बघावं यावर मी वीस मिनिटं बोललो. सलोनी गप्प झाली. पटलं असावं.

घरी जमनाला हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. ती सुकट निवडत होती. म्हणाली, ‘पोर हुशार हाय.’  

७ डिसेंबर

स्मरणिकेसाठी लेख लिहितोय — ‘जुनी संगीत नाटकं आज का करावीत?’ चार पानं झाली, उत्तर अजून आलेलं नाही.

प्रामाणिकपणे लिहायचं तर पदं अस्सल सोनं आहेत. सातवं पद तर असं की मेलेला माणूस टाळी देईल. गोष्ट मात्र गळकी आहे, आणि गळक्या होडीला कितीही रंग काढला तरी पाणी आत येतंच. पण हे लिहिलं तर सलोनी जिंकली! म्हणून लिहिलं, ‘मौनातला होकार ओळखण्याची नजर आजच्या पिढीने गमावली आहे.’ वाक्य आवडलं. जमनाला वाचून दाखवलं.

‘तुमाला वळखता आला व्हता?’ ती म्हणाली.

म्हटलं, म्हणजे काय, अर्थातच.

ती कुकर बंद करायला गेली. मी ते वाक्य खोडलं. मग पुन्हा लिहिलं. मग वहीच मिटली.

२८ डिसेंबर, रविवार

मेलो.

तालीम संपल्यावर कुंदन सहज म्हणाला, ‘काका, तीन तारखेला मी नसनार. उधान हाय ना.’

पौर्णिमा! पौर्णिमेला उधाणाची भरती, पाण्याला ओढ, जाळ्याला मासळी — गावच्या सगळ्या बोटी बाहेर. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी मंदावतं तेव्हाच पुरुषमाणसं घरी असतात. म्हणून आमच्याकडे लग्न असो, बारसं असो की नाटक, सगळं भांग बघून. शेंबड्या पोराला विचारा, तोही सांगेल. आणि मी, बोटीवाल्याचा मुलगा! कारखान्यात तीस वर्षं रंगाचे नमुने तपासले आणि भरती विसरलो. चंद्र बघितला, खालचं पाणी बघितलंच नाही.

एकनाथकडे धावलो. म्हटलं, सभेत बोलला का नाहीस?

‘दामूदादा, तुमी सांगत व्हते, आमी आयकत व्हतो. इचारलं कुठं?’

आता पोस्टर बोईसर स्टेशनपर्यंत लागलीत. तारीख हलवली तर तोंड दाखवायला जागा नाही. त्या दिवशी गावात उरणार बायका, म्हातारे आणि मी. म्हणजे बायका आणि म्हातारेच.

२९ डिसेंबर

अकरा पदं पाठ असलेला, समुद्रावर न जाणारा पुरुष गावात एकच आहे. वजन एक्याऐंशी किलो.

सलोनीला सांगितलं. ती हळूच म्हणाली, ‘काका, राग नका मानू. तुमी माज्या बाबांपेक्षा मोठे हाव. मी पुस्तक धरून विंगेत बसते.’ राग मानला. दोन तास.

जेवताना जमना म्हणाली, ‘मी करते मंजिरी. गपच तर बसायचं हाय.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांनी तीच जोडी! लेखाला शेवटही मिळाला.

१ जानेवारी २०२६

राजपुत्राचा पोशाख घालून बघितला. मुकुट बसतो.

४ जानेवारी, रविवार

काल झालं नाटक. क्रमाने लिहितो, नाहीतर सुटेल.

चंद्र वेळेवर आला. तेवढाच एक पुरुष वेळेवर आला. समोर दोनेकशे बायका, कडेला म्हातारे, सालवडच्या कारखान्यांतून आलेले चार-पाच परप्रांतीय कामगार. तिसऱ्या पदाला दम लागला, तर त्यांतला एक म्हणाला, ‘चाचा, थोड़ा बैठ जाओ.’ पाचव्याला आवाज फाटला. पण सातवं पद लागलं! शेंगा सोलत गप्पा मारणाऱ्या बायका सुद्धा थांबल्या. एक म्हातारी पुढे सरकून बसली. त्या पाच मिनिटांसाठी हे नाटक शंभरदा करावं, असं मला अजूनही वाटतं.

मग शेवट. मी गायलो, ‘मौन तुझे मज होकारच गमले’, आणि माळ उचलली.

जमनाने हात वर केला. घरात बोलते त्याच आवाजात म्हणाली, ‘थांबा. आदी इचारा.’

हे संहितेत नाही! विंगेकडे पाहिलं. सलोनीने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं. बायका हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मी कसंबसं म्हणालो, ‘मंजिरी, तुझी इच्छा काय आहे?’

‘मंजिरी ऱ्हाऊ द्या.’

माळ हातात जड झाली.  मी विचारलं, ‘जमना, माझ्याशी लग्न करशील?’

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘इचार करून सांगते,’ म्हणाली.

पडदा. टाळ्या थांबेनात. पंच्याऐंशी साली याच्या निम्म्याही नव्हत्या. परतताना स्कूटरवर ती मागे बसून सातवं पद गुणगुणत होती. मी बोईसर येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

आधी वाटलं, तिने टाळ्यांसाठी केलं. मग चाळीस वर्षांत ती कधी टाळ्यांसाठी काही करताना दिसली का ते आठवू लागलो.

८ जानेवारी

अजून सांगितलेलं नाही. माझंही दुसऱ्यांदा विचारायचं धाडस होत नाही. आज चहा विचारून केला. साखर किती, तेही विचारलं. लग्नापासून ती बिनसाखरेचा पिते, असं कळलं.

कुंदनचा फोन. बोट भरून आली. मंडळ पुढच्या वर्षी पुन्हा ‘मौनमंजिरी’च करा म्हणतंय, ‘काकीवाला शेवट’ ठेवून. म्हटलं, कळवतो. मी भितोय. चौसष्टाव्या वर्षी बायकोच्या होकाराची वाट बघतोय आणि खरंच भितोय.

११ जानेवारी, रविवार

सकाळी भाकरी थापता थापता जमना म्हणाली, ‘तवा तुमी इचारलं असतं, तर मी नाय म्हटलं असतं.’

मी विचारलं, ‘आणि आता?’

‘बसा. तवाचं आदी आयका.’

बसलो.