अंगठ्याएवढे निळे फुगे

प्रिय नेली,

जाड काळ्या मार्करने लिहिलेलं पत्र बघून हसू नकोस. शाळेच्या मुलांना पाट्या रंगवायला ठेवलेला मार्कर हाताशी होता, त्यानेच लिहायला बसले आहे. ओळी खालीवर झाल्या असतील, तेवढं सांभाळून घे. फोन का नाही केलास, असं विचारशील. केला गं, तीनदा केला. तीनही वेळा तू "बोल ना आई" म्हणालीस, आणि मी तुला मक्याच्या पिठाचे तमाले किती मऊ झाले होते ते सांगून फोन ठेवला. तुझा आवाज ऐकला की माझी जीभच उचलत नाही. शेजारची बर्नीस मंगळवारी गुडघे दाखवायला तुमच्या गावी येते आहे, तिच्या हाती हे पाठवते. शनिवारच्या आत ते तुला मिळायलाच हवं.

शनिवारी तू इथे नगरसभेपुढे बोलणार आहेस. गावभर तेच चाललं आहे. टपालकचेरीतली बाई काल मला म्हणाली, "ओडिलिया, तुमची लेक येऊन त्या जांभळ्या झेंड्यापासून आमची सुटका करणार म्हणे! बरं झालं बाई, झेंडा दिसला की माझ्या खोल्या भाड्याने घेणारे पाहुणे गाडी वळवून परत जातात." मी हसले आणि तिकिटं न घेताच घरी आले. माझ्या सकाळच्या मोजणीत पाचशे पावलांत समुद्रातून वाहून आलेले दहापेक्षा जास्त विषारी निळे फुगे निघाले तर जीवरक्षक वेंडेलने झेंडा चढवायचा, आणि उन्हाळी शिबिरातल्या पोरांनी बुटांशिवाय वाळूत पाऊल टाकायचं नाही, हे दोन्ही नियम मी भांडून करून घेतले होते. आता तुझ्या संशोधनातल्या आकड्यांच्या जोरावर ते दोन्ही जाणार. जूनपासून दीडशे पोरं अनवाणी वाळूत उतरतील. वर्तमानपत्रात तुझा फोटोही आला आहे. खाली तुझंच वाक्य आहे, की दोन वर्षांत आपल्या किनाऱ्यावरचे लहान फुगे जवळजवळ नाहीसे झाले आहेत. ते कात्रण मी फ्रिजवर लावलं. मग काढलं. आता ते पिठाच्या डब्याखाली आहे.

तू सहा वर्षांची होतीस तेव्हाचं तुला किती आठवतं, कुणास ठाऊक. तुझे बाबा कोळंबीची जाळी धूत होते आणि तू त्यांचे पांढरे रबरी बूट घालून फटाफट फुगे फोडत होतीस. बेटावरची सगळीच पोरं फोडायची, आम्हीही फोडले होते. मोठा फुगा बुटाखाली फुटला की कसा आवाज येतो, त्याची गंमत असायची. मग तुला एक अगदी लहानसा, अंगठ्याएवढा दिसला. तो फोडावासा वाटला नाही तुला, गोड दिसला म्हणून तू उचललास. त्याचे दोरे कपडे वाळत घालायच्या दोरीएवढे लांब असतात, हे तुला कोण सांगणार? आम्हालाच कुठे माहीत होतं! ते तुझ्या दंडाला, गळ्याला गुंडाळले गेले. तू ओरडलीसुद्धा नाहीस, तुझा श्वासच अडकला. बाबांनी मांस मऊ करायची पूड आणून चोळली, वर ओली वाळू घासली. तेव्हा सगळे तसंच करायचे. त्या घासण्याने विष जास्तच भिनतं, हे मी पुढे इथल्या समुद्र संशोधन केंद्रात शिकले. फेरीबोटीतून पलीकडे जाईपर्यंत तू माझ्या मांडीवर निळी पडत चालली होतीस आणि मी तुझे श्वास मोजत होते. मोजायची सवय मला तिथे लागली, नेली.

त्या पावसाळ्यानंतर मी केंद्राच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मी शिकलेलीसवरलेली नाही, पण पोरांना हे सांगायला कुणीतरी हवं. सव्वीस वर्षं झाली. पोरांना घेऊन किनाऱ्यावर चालायच्या फेरीला 'निळी फेरी' हे नाव तूच ठेवलंस. प्रत्येक पोराला आईस्क्रीमच्या काड्या द्यायच्या, टोकाला नारिंगी फीत, आणि फुगा दिसला की हातभर लांबून वाळूत काडी रोवायची. उचलायचं नाही, फोडायचं नाही. परत येताना मागे वळून पाहिलं की फितींची रांग दिसते, आणि पोरांना न रागावता कळतं की आपण कशातून चाललो होतो. मग बाकावर बसून मी सांगते की हा एक प्राणी नाही, ही एक वस्ती आहे. एकाने नुसतं फुगून तरंगायचं, एकाने शिकार पकडायची, एकाने सगळ्यांसाठी खायचं, आणि एकाला सोडून दुसरा जगत नाही. पोरं लगेच वाटून घेतात. "मी खाणारा!" "तू कसला खाणारा, तू फुगणारा!" दर वेळी हेच होतं आणि दर वेळी मला हसू येतं.

आता गेल्या रविवारचं ऐक. सकाळी मी मोजून आले होते, दोनच निघाले, दोन्ही मुठीएवढे. वेंडेलला दोन सांगितले, झेंडा चढला नाही. अकरा वाजता पाण्याच्या कडेला एक किंकाळी ऐकू आली. बाहेरगावची सात वर्षांची मुलगी होती, पोटरीपासून मांडीपर्यंत लाल वळ उठलेले. वेंडेलने चिमट्याने तिच्या पायावरून जे उचललं ते अंगठ्याएवढं होतं. पोरगी दोन दिवस रुग्णालयात राहून घरी गेली, बरी आहे, मी रोज चौकशी करते. पण तिची आई ओरडत होती, "झेंडा कुठे होता? तुमचा तो झेंडा कुठे होता?" आणि वेंडेल माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ओडिलियाताई, तुम्ही दोन म्हणालात ना?" मी म्हणाले, "वारा फिरला असेल." वारा फिरला नव्हता, नेली. सकाळपासून आग्नेयेचाच होता. मी खोटं बोलले. तोंडातून ते इतकं सहज निघालं की माझीच मला भीती वाटली.

तरी मी स्वतःची समजूत घातली. एखादा मोजायचा राहून जातो, कुणाचाही राहतो. गुरुवारी थिबोडो बाईंचा तिसरीचा वर्ग आला, बावीस पोरं. त्या सकाळी मी पाचशे पावलं चालून चार लिहिले होते, म्हणून मनात म्हटलं, आज पोरांना फारसं काही सापडणार नाही, कंटाळतील बिचारी. पन्नास काड्यांचा डबा घेतला. निम्म्या वाटेवर एक जण ओरडला, "मिस ओडिलिया, काड्या संपल्या!" मला वाटलं, खेळात उधळल्या असतील. जरा रागावलेच. तर ती पोरं शिंपले रोवायला लागली. एक बारकीशी मुलगी आहे त्यांच्यात, मॅरिगोल्ड नावाची, भारी चुणचुणीत. ती माझी बाही ओढून म्हणाली, "अहो, तुमच्या बुटाजवळच आहे, सरका ना!" मी खाली पाहिलं. ओली वाळू होती, फेस होता. मी सरकले. मग ती डोळे बारीक करून म्हणाली, "कळलं मला! तुम्ही मुद्दाम न दिसल्यासारखं करता ना? आमची परीक्षा घेताय!" सगळी पोरं हसली आणि टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, "हो, बरोबर ओळखलंस." आणि उरलेली दोनशे पावलं मी त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून चालले. लोकांना वाटलं असेल, म्हातारी किती माया करते.

परत फिरल्यावर थिबोडो बाईंनी काड्या आणि शिंपले मोजले. एकसष्ट. बाकावर बसून मी वस्तीची गोष्ट सांगितली, तोंडपाठ आहे म्हणून सांगता आली. शेवटी मॅरिगोल्डनेच हात वर केला. "मग बघायचं काम कुणाचं?" मी म्हटलं, "कुणाचंच नाही बाळा, यांना डोळेच नसतात. वारा नेईल तिकडे जातात." ती म्हणाली, "बाप रे, मग यांना भीती वाटत नसेल का?" सव्वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पोरांना रस वाटायला उठले.

आता तुला सगळं कळलंच असेल, माझ्यापेक्षा हुशार आहेस. फेब्रुवारीत मी पलीकडे गेले होते ती दातांसाठी नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरने मधोमध डाग आहे असं सांगितलं, दोन्हीकडे, आणि तो वाढत जाणार. तुझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं, शेवटी ती खुर्चीत बसून आपल्याच हाताची बोटं चाचपत राहायची, आणि मला रात्रंदिवस तीच दिसते. म्हणून लपवलं. गाडी विकली ती पेट्रोल महाग झालं म्हणून नाही. मुठीएवढं अजून दिसतं मला, अंगठ्याएवढं दिसत नाही. लहान फुगे नाहीसे झाले नाहीत, पोरी, ते फक्त मला दिसेनासे झाले, आणि दर आठवड्याला माझ्या हातचा कागद तू आईचा म्हणून डोळे मिटून खरा मानलास. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सुईत दोरा ओवताना मला पहिल्यांदा त्रास झाला. तेव्हापासूनचे माझे सगळे आकडे खोडून टाक. तुझं नाव खाली येईल, चार लोक हसतील, तुझी इतकी वर्षांची मेहनत मी मातीत घातली, त्याबद्दल मला माफ करू नकोस हवं तर. पण शनिवारी उभी राहशील तेव्हा खरं सांग. आईचे डोळे गेले म्हणून सांग, माझी लाज राखू नकोस. आज सकाळी मी वेंडेलला सगळं सांगितलं. तो जाऊन जांभळा झेंडा चढवून आला. आता किनारा रिकामा आहे, गाव माझ्यावर चिडलं आहे, आणि मला खूप भीती वाटते आहे, पोरांसाठी नाही, आता स्वतःसाठी. जमलं तर शुक्रवारीच ये. सकाळी पाचशे पावलं चालू. तू मोज, मी नुसती तुझ्या खांद्यावर हात ठेवून चालेन.

काड्यांचा नवा डबा आणून ठेवला आहे.

तुझीच,
आई