हिमनदीनं तळं प्यायलं

साक्काक, ग्रीनलँड
१८ जून १९९८

अहो मितेक,

बोलेत्तेचा सा. न. वि. वि.

आजी नातीला ‘अहो’ म्हणते म्हणून नाक मुरडू नका. आजोबा गेल्यावर जन्मलात, त्यांचं नाव घेतलंत, म्हणजे तुम्ही माझे नवरेच; आपल्याकडे हे असंच. बर्फावर बसून पाणी मोजता म्हणे! लहानपणी अंघोळीचं पाणी दिसलं की पळत सुटायचात.

महिनाअखेरीला मी हिमनदीच्या तोंडाशी, आपल्या जुन्या किनाऱ्यावर तंबू ठोकणार आहे. लग्नानंतरचे सगळे उन्हाळे तिथेच गेले. चुलीवर सीलचा रस्सा उकळायचा आणि तुम्ही अकॉर्डियन वाजवायचात, बेसूर. फार आठवतं हो. तुम्ही गेलात तेही त्याच पाण्यात. गुडघे चालताहेत तोवर एकदा जाऊन येते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची,
बोलेत्ते

बर्फावरचा तळ
२४ जून

ती. आजीस,

मितेकचा सा. न. वि. वि.

तुझं ‘अहो’ वाचून इथली मंडळी मला लग्नाची मिठाई मागताहेत!

पण आजी, जाऊ नकोस. काल बर्फावरचं अख्खं तळं भेगेतून खाली गेलं. आम्ही जेवून बाहेर आलो तर नुसता निळा खड्डा. ते पाणी हिमनदीच्या बुडाशी शिरलंय, त्यावरून ती घसरतेय. बर्फात रोवलेल्या आमच्या खुणा दुप्पट वेगानं सरकताहेत. तोंडाशी बर्फाचे कडे समुद्रात कोसळतील. पाण्यानं खालून आपली वाट कोरली की निचरा होईल, मग ती मंदावेल. तोवर थांब.

तुझी,
मितेक

साक्काक
२७ जून

चि. मितेक,

अ. आ.

आज ‘अहो’ नाही, कारण तुझं पत्र नातीचं आहे. पाण्याचं सगळं समजलं. पण नातीनं आजीला वाट दाखवू नये. येत्या शनिवारी निघतेय, बोट सांगून ठेवलीय.

आजी

बर्फावरचा तळ
३० जून

सौ. बोलेत्ते हीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नवरा म्हणतेस ना? मग नवऱ्याचं ऐक. किनाऱ्यावर जायचं नाही, मी सांगतो. मी एकदा गेलो तेवढं पुरे झालं. निचरा झाला की मीच तुला न्यायला येतो.

तुझाच,
मितेक

साक्काक
९ जुलै

अहो,

सा. न. वि. वि.

‘सौ.’ वाचलं आणि रडत बसले. बोटवाल्याला परत पाठवलं, तो पुटपुटत गेला.

मंगळवारी कडा कोसळला. मी टेकडीवरून पाहिलं. लाट आपल्या तंबूच्या जागेवरून गेली, चुलीचे दगडही राहिले नाहीत.

तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यातही हिमनदी अशीच पळत होती. जाऊ नका म्हणून मी तुमची बाही धरली होती. तुम्ही हसून सोडवून घेतलीत.

अकॉर्डियन पुसून ठेवलाय. न्यायला याल तेव्हा बेसूरच वाजवा. बाकी काय लिहू? मी तुमचं ऐकलं हो.

तुमची,
बोलेत्ते