वगळलेली चार पानं

नांदेड,
दि. ६ एप्रिल २०२५

आदरणीय नरसिंग सर,
मनापासून जय भीम.

तब्येत कशी आहे? गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही पुढे ढकललंत, असं दिग्दर्शिका शिवानीताईंनी कळवलं. तुमच्यावरच्या माहितीपटाचं एडिनबराचं चित्रीकरण त्यांनी पाठवलंय. ते मी रोज पाहते. स्वेटरवर स्वेटर घालून खिडकीशी मराठीत लिहिणारे तुम्ही. लायब्ररीच्या पायऱ्या एकेक करून उतरणारे तुम्ही. 'ईमेल मी उघडत नाही, पत्र वाचतो,' असं त्यात म्हणता, म्हणून हे हाताने लिहून त्याचा फोटो ताईंना पाठवते. त्या छापून देतील.

इकडचं चित्रीकरण माझ्याकडे आहे. देगलूरच्या पुढे तुमच्या गावी तीनदा जाऊन, राहून आले. शाळा, विहार, नाला, सगळं टिपलं. गावात तुमचं नाव सगळ्यांना पाठ आहे, पुस्तक मात्र एकाही घरात नाही.

खरं तर पहिल्याच फेरीनंतर हे लिहायला हवं होतं. महिना झाला.

तुमच्या आत्मचरित्रात थोरल्या बहिणीवर, पंचफुलाआक्कावर, चार पानं आहेत. तुम्ही शिकावं म्हणून तिची शाळा सुटली आणि सासरी पहिल्याच बाळंतपणात ती गेली. अकरावीत वक्तृत्व स्पर्धेत तीच पानं म्हणून मी बक्षीस मिळवलं होतं. बाबा मागच्या रांगेत रडले. मला पुढे शिकवायला घरी कुणी तयार नव्हतं. त्या दिवसानंतर विरोध संपला. आमच्या घरातली पहिली पदवी त्या चार पानांनी आणली.

म्हणून त्या पहिल्या फेरीत मी गावातलं आक्काचं घर शोधत गेले. रिकामी भिंत, चूल, काहीतरी टिपावं म्हणून. दारात एक म्हातारी डाळ पाखडत होती. विचारलं, "पंचफुलाबाई इथंच राहायच्या का?"

"ऱ्हायच्या म्हंजे? आजून हाय की मी!"

सर, कॅमेरा चालू होता.

त्यांना वाचता येत नाही. "नरसूनं काय लिवलंय, वाच," म्हणाल्या. आठ दुपारी बसून मी सगळं पुस्तक वाचून दाखवलं. ती चार पानं सोडून.

"एकदम यवढी पानं पलटलीस गं?"

"चिकटली होती, आक्का."

"त्याच्या वह्या तशाच ऱ्हायच्या. गूळ खात लिवायचा." हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं नाव घेतलं का कुठं?"

"हाव, लई ठिकाणी."

माहितीपटात तुम्ही तीच पानं वाचता आणि डोळे पुसता. येत्या रविवारी विहारात सगळं गाव ते पाहणार. आक्कांनी पुढची जागा आत्ताच सांगून ठेवलीय. ताईंना म्हटलं तर तेवढा भाग कापतील. मी म्हटलेलं नाही. पुस्तक वाचताना मी त्यांना एकदा वगळलं. पुन्हा वगळणं जमेना.

तुम्ही असं का लिहिलंत? मी खूप कारणं शोधली, एकही टिकत नाही. कधी तुमचा राग येतो, कधी माझ्या बक्षिसाची लाज वाटते. झोप नीट लागत नाही.

गुरुवारी मी ती पानं त्यांना वाचून दाखवणार आहे, एकही शब्द न बदलता. त्याआधी त्यांना तुमच्या तोंडून कळलं तर बरं. त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. फोन त्या दोन्ही हातांनी धरतात आणि आधी ओरडतात, "कोण हाय?" पूर्ण नाव सांगू नका. नरसू म्हणा.

गुरुवारपर्यंत तरी तुमचीच वाचक,
धम्मप्रिया