बसून बघ आधी

१६ जानेवारी, गुरुवार

तीन टाके. हनुवटीला! मान खाली घातली की ठणकतंय, म्हणून वही उशीवर उभी धरून लिहितेय. अक्षर काय देखणं आलंय!

वालूरच्या अलीकडे ओढणी स्कूटीच्या मागच्या चाकात गेली. गाडी हळू होती म्हणून बरं. गळ्याला एकदम फास बसल्यासारखं झालं, टर्रकन आवाज आला आणि मी रस्त्याच्या कडेला, मातीच्या पिशव्यांवर. अकरा शेतांचे नमुने होते, सगळी माती एक झाली. आता परत अकरा ठिकाणी जाऊन खड्डे करा! माती तपासणीच्या लॅबमधले साहेब म्हणाले, "राजेश्री, आधी टाके भरू दे, मग बघू." बरे आहेत बिचारे.

अप्पांनी आधी टाके बघितले. मग तांब्याभर पाणी प्यायले. मग सुरू. "सोड ती नोकरी! रानोमाळ हिंडून माती गोळा करायला पोरगीच लागती काय त्यांना?" मी म्हटलं, अप्पा, नोकरीचा काय दोष? दोष ओढणीचा. जीन्स घालू द्या, विषय मिटला.

"आपल्या घरात पोरी पॅन्ट घालून हिंडत न्हाईत."

हे सातव्यांदा. मी मोजतेय.

शेवटी विभूतीच्या डब्यावर हात ठेवून बोलले — अजून एकदा पडलीस तर नोकरी बंद, महादेवाची आण. झालं! आता आण मोडायची म्हणजे महादेवालाच मधे घालावं लागणार.

आईने हळदीचं दूध दिलं, फाटकी ओढणी उचलली आणि दारातल्या उजेडात लय वेळ उलटीपालटी करून बघत बसली. रफू होईल का बघत असेल. काय करायचंय तिला रफू करून!

१९ जानेवारी, रविवार

लॅबमधल्या योगिनीने काल तिची जीन्स आणून दिली. म्हणे, घालून तर बघ, अप्पांना कोण सांगतंय. लॅबच्या बाथरूममध्ये घातली — म्हणजे घालायला घेतली. गुडघ्यापर्यंत आली, मांडीत थांबली. मी उड्या मारल्या. तीही अडकली, मीही अडकले. बाहेरून योगिनी ओरडायली, "श्वास आत घे!" अगं, मांडीने श्वास कसा आत घेऊ?

ती म्हणजे शेवग्याची शेंग. मी कंबरेत तांब्या आणि खाली घागर. दिवसातून शंभर वेळा उकिडवं बसून खड्डे करणाऱ्या बाईच्या मांड्या अशाच असायच्या. मला काही वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

२२ जानेवारी, बुधवार

टाके असूनही गेले. नऊ शेतं. तुरीच्या खुंटांत सलवार तीन ठिकाणी फाटली. ओढणी कमरेला गच्च बांधली होती, तरी स्कूटीवर बसलं की गळ्याला हात जातोय. आपोआप.

२४ जानेवारी, शुक्रवार

स्थळ! शिवप्रकाशकाकांनी आणलंय. काका म्हणजे अप्पांचे आतेभाऊ, राहतात लातूरला आणि अख्ख्या मराठवाड्यातल्या आपल्या समाजाची पोरं-पोरी त्यांच्या खिशात. मुलगा योगीराज, पुण्यात मोठ्या कंपनीत. नऊ तारखेला रविवारी बघायला येणार.

अप्पांनी दुकानात गिऱ्हाइकाला साखर मोजता मोजता ही बातमी सांगितली म्हणे. म्हणजे सेलूत आता सगळ्यांना माहीत.

लग्नाला माझी ना नाही. पण पुण्यात माझ्या मातीचं काय? मला हे काम आवडतं, बाबा. एखादा शेतकरी रिपोर्ट घेऊन परत येतो आणि म्हणतो, ताई, तुमी सांगितलं तेवढंच खत टाकलं आन् पीक उलट बरं आलं — तेव्हा जे वाटतं ते कुणाला सांगू?

२७ जानेवारी, सोमवार

आज अक्षर पार वाकडं! हसून!

जेवताना आई भाकरी वाढत सहज म्हणाली, "शिवप्रकाश भाऊजींचा फोन आलता दुपारी. पोराकडचे म्हणायलेत, मुलगी जीन्समधीच दाखवा."

अप्पांचा घास वाटेतच थांबला. "कशात?"

"जीन्समधी. पुण्याचे लोक हायत. साडीबिडी बिलकुल नको म्हणं."

"मी विचारतो शिवप्रकाशला."

"विचारा की. म्हणतील, सेलूचे लोक गावंढळ हायत, जीन्स म्हणली की फोनाफोनी करायलेत."

अप्पांनी उचललेला फोन खाली ठेवला. मग पोथी उघडली. मग मिटली. मी ताटात बघत होते, कारण वर बघितलं असतं तर फुटले असते. सात वेळा मी मागितली, सात वेळा नाही. आणि पुण्यातल्या कुणा अनोळखी माणसाने एकदा म्हटलं तर घर गप्प!

राग पण आला. खरं सांगते. माझ्या गळ्यापेक्षा त्या योगीराजाचे डोळे मोठे?

२८ जानेवारी, मंगळवार

अप्पा संध्याकाळी दुकान बंद करून आले, चपला काढता काढता — "परभणीला कोणतं दुकान बरं हाय?"

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही.

सकाळच्या गाडीने तिघं परभणीला. अप्पा धोतर-टोपीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, जीन्सच्या दुकानात! सेल्समनला वाटलं पत्ता विचारायला आलेत. अप्पा म्हणाले, "चांगली दाखवा. पुण्याचे लोक यायलेत." आणि जे छताच्या पंख्याकडे बघायला लागले ते शेवटपर्यंत.

पुढचं सगळं आईने हातात घेतलं. माझी आई! जिने जन्मात जीन्सला हात लावला नाही! कापड चिमटीत धरून बघितलं, उलटं करून शिवण बघितली. "डबल शिलाई हाय का? खिसा केवढा? मोबाईल पूर्ण आत जातो का?" सेल्समन — चुणचुणीत पोरगा होता — म्हणाला, "मावशी, लेडीज जीन्सला खिसे छोटेच असतात." आई म्हणाली, "मग जेन्टची आण." पंख्याकडे बघणारे अप्पा दचकले.

"मातीचा डाग दिसंल का हिच्यावर?"

"मावशी, बघायच्या कार्यक्रमात माती कुठं?"

"असंच इचारलं."

पहिली स्किनी. मांडीतच बसली, घोट्यातून निघेना. मी आत खुर्ची धरून एका पायावर नाचायले. दुसरी सरळ पायाची, मांडीला बरोबर, पण कंबरेत मागे एवढी फट की मूठ जाईल. एक नंबर लहान घेतली तर मांडी रुसली. मी रडकुंडीला आले. पडदा बाजूला करून म्हटलं, राहू दे आई, माझं अंगच वाकडं आहे.

तो पोरगा म्हणाला, "ताई, अंग वाकडं नसतं, कटिंग चुकीचं असतं." वा रे! मग त्याने समजावलं. कंबर बारीक आणि खाली भारी असेल तर पट्टा उंच पाहिजे, बेंबीपर्यंत. कापडात थोडा ताण पाहिजे. मोहरी घोट्याला आवळणारी नको, सरळ किंवा जराशी सैल, म्हणजे वरचं आणि खालचं माप सारखं दिसतं. मागचे खिसे बारके आणि दूर दूर असले की बसायची जागा दुप्पट दिसते, म्हणून मोठे आणि जवळ घ्या. रंग गडद, मांडीवर पांढरट पट्टे नकोत. आणि नंबर मांडीचा घ्या, कंबर टेलर आत घेईल. लहान जीन्स मोठी करता येत नाही. हे मला चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं!

तिसरी घातली. गडद निळी, उंच कंबर. आरशात बघितलं... आणि बघतच राहिले. मीच होते. तीच मांडी, तीच घागर. पण ताठ. बाहेर आले तर आई म्हणाली, "दिसायला बरी हाय. बसून बघ आधी."

"आई, इथे?"

"उकिडवी बस. पोह्यांचा ट्रे ठेवायचा हाय. आता वाक. सगळ्यांच्या पाया पडायचंय. आता ऊठ. परत बस."

भर दुकानात माझ्या दहा बैठका! चौथ्या बैठकीला दुसऱ्या बायका पण बघायला लागल्या. सहाव्या बैठकीला एक म्हणाली, मला पण तीच दाखवा. मागे पट्टा सरकला नाही, गुडघ्यात आवळली नाही, टर्रकन झाली नाही. आईने मान हलवली. "हीच."

अप्पांनी पंख्यावरून नजर काढली, अर्ध्या सेकंदापुरती. "बरी हाय," म्हणाले. आणि मग, "वरून लांब कुर्ता घाल."

६ फेब्रुवारी, गुरुवार

टेलरने कंबर आत घेतली. आता जशी काही माझ्यासाठीच विणली! आई रोज संध्याकाळी तालीम घेतेय. ट्रे ठेव, पाया पड, ऊठ. ट्रे दोनदा, पाया वीसदा. लग्नाळू मुलगी नाही, पैलवान तयार करायलीय ही बाई.

९ फेब्रुवारी, रविवार

आले. मुलगा, त्याची आई, वडील आणि मधे शिवप्रकाशकाका. मी ट्रे घेऊन बाहेर — जीन्स, लांब कुर्ता, केसांत गजरा (गजरा अप्पांचा हट्ट).

मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. गोड आवाजात म्हणाल्या, "मुलगी अजून तयार व्हायचीय का? सावकाश होऊ द्या, आमाला घाई न्हाई."

मी ट्रे धरून उभी. काकांना पाणी पिताना ठसका लागला. अप्पांचे कान लाल. "हीच मुलगी. तुमीच सांगितलंतं ना, जीन्समधी दाखवा म्हणून?"

"आमी? कधी?"

देवा! सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका ट्रेमधल्या पोह्यांकडे बघायले. आई आत चहा गाळायला गेली आणि दहा मिनिटं चहाच गाळत होती.

योगीराज दिसायला बरा होता. त्याने एकच विचारलं, "लग्नानंतर हे शेतात हिंडायचं सोडाल ना?" मी म्हटलं, न्हाई. तोंडातून पटकन निघून गेलं! पण निघाल्यावर परत घ्यावंसं वाटलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नकार आला. "मुलगी जरा जास्तच मॉडर्न हाय." मी! जी अजून अप्पांसमोर मोठ्याने गाणं लावत नाही!

अप्पांनी काकांना फोनवर धुऊन काढलं. "माझी इज्जत घालवलीस! कोण म्हणलं होतं जीन्स?" काका पलीकडून शपथा घ्यायले, ते अप्पांना ऐकूच येत नव्हतं.

मला वाईट वाटलं ते अप्पांचं. मुलाचं नाही. हे इथेच लिहिलेलं बरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आई सकाळी जीन्स घडी घालत अप्पांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कंबर आत घेतलेली दुकानदार परत घेत न्हाई. पडू द्या पेटीत. उंदरं कुरतडतील."

अप्पा वाण्याचा जीव! पाच मिनिटं येरझाऱ्या. मग माझ्याकडे न बघता — "आता घेतलीच हाय तर शेतात तरी वापर. फुकट कशाला घालवायची."

मी मोरीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून हसले. टाक्यांची जागा दुखेपर्यंत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चौदा शेतं! ओढणी नाही, खुंटात अडकणं नाही. मोबाईल खिशात पूर्ण आत. बसले, उकरलं, उठले, चालले. वालूरजवळ त्याच वळणावर आले आणि हात गळ्याकडे गेला नाही, हे दोन किलोमीटर पुढे गेल्यावर लक्षात आलं. थोडं रडले. हेल्मेटमध्ये कुणाला दिसतंय!

कमलबाईंच्या शेतात त्यांनी खुरपं थांबवून मला खालून वर बघितलं. आता काही बोलणार, म्हटलं. तर म्हणाल्या, "बसाय येतं का गं ह्यात?" मी बसून दाखवलं. "मंग बरी हाय," म्हणाल्या. संध्याकाळी मांडीवर मातीचे हात पुसले, डाग दिसलाच नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

शिवप्रकाशकाका सेलूला आले. देवळात पिंडीवर हात ठेवून अप्पांना म्हणाले, "रेवणसिद्धा, मी त्या दिवशी फोनच केला न्हवता. जीन्स हा शब्द माझ्या तोंडात आजपतूर आला न्हाई." अप्पा गोंधळले. पिंडीवर हात म्हटल्यावर काय करणार? गळ्यात पडले, प्रसाद खाल्ला, मिटलं. येताना मात्र वाटभर, "मंग फोन आलता तरी कुणाचा?"

आई पुढे पुढे चालली होती. उपासाच्या मानाने फारच भराभर.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अप्पा दुकानात गेल्यावर विचारलं. "आई, काकांचा फोन आलता का?"

"न्हाई." भाकरी थापायची थांबली नाही.

"मग?"

"ती ओढणी बघितलीती मी. मानेपासून चार बोटांवर फाटली होती." भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "एका जीन्सवर किती दिवस काढशील? धुवाय-वाळवाय दुसरी लागंलच. बघते. अजून एखादं पुण्याचं स्थळ आणावं लागंल."