जुन्या प्रतीतली आणीबाणी

बोरी अरब,
३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणास,
आजोबाचा सप्रेम जयभीम.

आम्ही खुशाल हाओ. कापूस घरी आला. तू नागपुरात वकिली शिकून राह्यली, म्हणून कायद्याची बातमी तुलेच लिवतो. विहाराच्या अभ्यासिकेत चार्जिंगच्या प्लगावरून पोट्टे भांडले, खुर्ची मोडली. मी विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष, म्हंजे इथला राष्ट्रपतीच. माया बापाची संविधानाची प्रत काढली. कलम ३५२ मंदी साफ हाय, अंतर्गत अशांतता असली तर राष्ट्रपतीले आणीबाणी लावता येते. म्या लावली. अभ्यासिकेले कुलूप, चाबी माया खिशात.

नंदाबाईची ममता रोज चाबी मागाले येते. तिची तलाठ्याची परीक्षा तीन आठवड्यांवर, अन् घरी सहा माणसं एका खोलीत. पण कायदा म्हणजे कायदा. तुयी आजी मले बोलत नाही, घरात बरीच शांतता हाय.

तुया आबा

नागपूर,
७ नोव्हेंबर

ती. आबांस सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र वाचून खूप हसले. मग ममता आठवली अन् हसू गेलं. आबा, तुमची प्रत फार जुनी आहे. पंचाहत्तर साली याच दोन शब्दांवर देशाला कुलूप लागलं, तुमच्या फुलचंद गुरुजींना उचलून नेलं, हे तुम्हीच सांगता. म्हणून अठ्ठ्याहत्तरच्या दुरुस्तीने ते शब्द काढले. आता युद्ध, परकीय आक्रमण नाहीतर सशस्त्र बंड लागतं. मोडकी खुर्ची त्यात बसत नाही. शिवाय मंत्रिमंडळाने लेखी कळवावं लागतं अन् महिन्याभरात दोन्ही सभागृहांनी मंजूर करावं लागतं. तुम्हाला लिहून कोणी दिलं?

मीही त्याच अभ्यासिकेत शिकले. रागावू नका. लोभ आहेच, तो कुलपाबाहेर असू द्या.

तुमची प्रेरणा

बोरी अरब,
१२ नोव्हेंबर

चि. प्रेरणास जयभीम.

तुयं पत्र वाचून दिवसभर मले लय राग आला. गुरुजींचं नाव पुन्हा वाचलं अन् लाज वाटली. काल बैठक बोलावली, तुयं पत्र मीच वाचून दाखवलं. मंग कुलपाले मंजुरी मागितली. अकरा सभासदांत एक हात वर झाला, तो माया. विरोधात सगळ्यात पयला तुया आजीचा. खोटं कायले सांगू, मले हलकं वाटलं.

चाबी आता ममतापाशी असते. पोट्ट्यांनी वर्गणी करून दुसरा प्लग बसवला. जुन्या प्रतीत त्या पानावर म्या पेन्सिलीनं लिवून ठेवलं, हे बदललं, नातीनं सांगितलं.

आजी बोलाले लागली, अन् इतक्या दिवसांचं सारं एकदमच बोलून राह्यली. तुयावरची माया एकमतानं मंजूर हाय, तिले मुदत नाही.

तुया आबा